ओळखीची खूण

चिवड्याची लस बाद झाली.
डॉक्टर निकुंभ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
आधी चिप, मग लस. तुमचं उलटं झालंय.
मी लाल पुस्तक पुढं केलं :
तीन वर्षं, तीन शिक्के, एकही तारीख चुकलेली नाही,
पहिला शिक्का महापालिकेच्या शिबिरातला, जेलरोडच्या शाळेत,
तेव्हा तो माझ्या स्वेटरच्या आत मावायचा.
ते म्हणाले, खरं आहे हो,
पण ही सुई ह्याच कुत्र्याला टोचली
याला पुरावा काय?

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट तपासले.
कोरे. नाव नसलेले, फोटो नसलेले.
पानं मोजायची, शिवण ओढून बघायची,
आकडा आरपार गेलाय का उजेडात धरायचं.
सुटताना गेटवर हात वर करून झडती.
लाखो माणसं माझ्या बोटांखालून देशाबाहेर गेली,
मी कसाऱ्याच्या खाली उतरलो तो लग्नांपुरता.
पुरावा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.
पण डॉक्टरांचं बरोबर होतं.

म्हणून सगळं नव्यानं.
दोन खांद्यांच्या मधे तांदळाएवढी चिप, पंधरा आकडे.
यंत्र पाठीवरून फिरलं की टुक् वाजतं
आणि चिवडा माझ्याकडं बघतो,
मीच काहीतरी खाल्लंय असं.
मग लस. मग तीस दिवस.
मग रक्त.
फॉर्मवर जातीचा रकाना होता.
आमच्या घराचं त्या रकान्याशी जुनं भांडण,
माझा हात थांबला.
डॉक्टरांनी सहज लिहून टाकलं : देशी, मिश्र.
रंग? मी म्हटलं, चिवडाच लिहा,
पोहे, डाळं, जळका खोबऱ्याचा काप, सगळं आहे अंगावर.
त्यांनी लिहिलं, तपकिरी-पांढरा.

रक्त बर्फात बसून पुढं गेलं.
आख्ख्या कुत्र्याच्या आधी
चमचाभर चिवडा समुद्रापलीकडं पोचला.
शलाकाचा रॉटरडॅमहून फोन,
बाबा, निदान शून्य पॉइंट पाच यायला हवं.
किती कमी मागतात, आम्हाला पस्तीस लागायचे.
आणि एका रात्री, तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपलेला असताना
(हे तिला सांगितलेलं नाही)
मनात आलं, शून्य पॉइंट चार येवो.

आलं सहा पॉइंट दोन.
मी पेढे आणले. त्याला गोड चालत नाही,
मीच खाल्ले.

त्यानंतरही थांबायचं असतं,
रक्त काढलं त्या दिवसापासून तीन महिने,
आत रोग दबा धरून बसला असेल तर कळावा म्हणून.
आम्ही दोघं दबा धरून बसलो.
द्राक्षं उतरली. दारणेवरचं वारं तापलं.
ओट्यावर पिंजरा उघडा ठेवला, सवय व्हावी,
आत शलाकाची जुनी ओढणी.
आठ दिवस तो जाईना,
शेवटी मीच आत डोकं घालून दाखवलं.
लोखंडेबाई कुंपणावरून म्हणाल्या,
तुमचंही बुकिंग आहे का?

मुंबईच्या कचेरीत कागद तपासणारा मुलगा
एकेका तारखेवर पेन टेकवत होता,
चिप, लस, रक्त, परत चिप.
दोनदा मागं गेला. चांगला कामगार.
मला त्याचा राग आला नाही.
त्यानं यंत्र फिरवलं. टुक्.
चिवड्यानं माझ्याकडं बघितलं.

परवा शलाकानं फोनवरून माझा फॉर्म भरायला घेतला.
बाबा, अंगावर ओळखीची खूण?
डाव्या मनगटावर, दाताचे दोन वण.
पहिल्याच आठवड्यातले, स्वेटरमधून काढताना चावला होता.
सिव्हिलला पाच सुया घेतल्या मी तेव्हा,
कार्ड अजून कपाटात आहे,
पण चिप नव्हती ना,
त्या सुया मलाच टोचल्या याला पुरावा
ती म्हणाली, बाबा,
फक्त खूण सांगा.